चर्चला परत जावं का? (आशा नेमकी कोण देतं, देव की माणसं?)

भिंगारवाला

बऱ्याच वर्षांनी लिहितोय, सांभाळून घ्या.

मी मूळचा नगरचा, भिंगारचा. घर पिढीजात ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. लहानपणी रविवारची उपासना, संडे स्कूल, नाताळात पेटी-ढोलकी घेऊन घरोघरी गाणी म्हणत फिरणं, सगळं केलं. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो आणि ते हळूहळू सुटलं. भांडण वगैरे काही नाही. रविवारी उशिरा उठायची सवय लागली, एवढंच कारण. नंतर विश्वास उरलाय का हेही तपासून बघितलं नाही.

गेल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तिला पुण्याला आणलं. आम्ही दोघं नोकरीवाले, दिवसभरासाठी एक बाई ठेवली. कुणीतरी नगरच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर घातलं, त्यांनी इथल्या पाळकांना फोन केला, आणि ज्या चर्चची पायरीही मी कधी चढलो नव्हतो तिथल्या महिला मंडळाच्या बायका दारात उभ्या राहिल्या. आठवड्यातून एकदा येतो म्हणाल्या. खरंच यायच्या, पावसातही. एक जण खोबरेल तेलाची बाटली घेऊन यायची. पडून पडून आईच्या केसांचा मागे गोळा झाला होता, आमच्या बाईने तो कापून टाकू असं सुचवलं होतं. या बाईने तेल जिरवून, खालून वर, एकेक बट बोटांनी सोडवत तो गुंता दोन-तीन भेटींत काढला. बाकीच्या तोवर 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातली गाणी म्हणायच्या. एरवी एक शब्दही धड न फुटणारी आई गाण्याच्या ओळी पुटपुटायची.

आई गेली तेव्हा शवपेटीपासून दफनभूमीच्या कागदांपर्यंत सगळं त्याच लोकांनी केलं. तीन दिवस घरात चूल पेटू दिली नाही.

आता त्या तेलवाल्या काकू विचारतात, "भाऊ, रविवारी येता का?" जबरदस्ती अजिबात नाही. पण मी अडकलोय. मनात श्रद्धा आहे की नाही तेच माहीत नसताना, उपकारापोटी बाकावर जाऊन बसणं हा ढोंगीपणा नाही का? आणि त्या महिन्यांत मला जो धीर मिळाला तो देवाचा होता की त्या बायकांचा? तुमचे अनुभव सांगा. उपदेश नको.

चकलीचा_सोऱ्या

रुमाल टाकून ठेवतो. नगर + चर्च + पुणे म्हणजे धागा शंभरी गाठणार.

पाणपोई_वसई

भाऊ, आईंना शांती लाभो.

मी कॅथलिक, वसईची, त्यामुळे आमच्याकडे मिस्सा, तुमच्याकडे उपासना. बाकी माणसं सारखीच. आमच्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) वाडीवाडीचे समूह असतात. कोण आजारी आहे, कुणाच्या मुलाची नोकरी गेली, हे फादरांच्या आधी समूहाला कळतं. त्याचा त्रासही होतो (कुणाची मुलगी कुणाच्या बाईकवर दिसली हेही समूहालाच आधी कळतं!), पण माझे मिस्टर अचानक गेले तेव्हा त्याच भोचक बायकांनी माझ्या दोन मुलांना आळीपाळीने घरी झोपायला नेलं. मी तेव्हा देवावर इतकी चिडलेले की रोझरी (जपमाळ) कपाटात टाकून दिली होती. वर्षभर प्रार्थना केली नाही. चर्चला मात्र जात राहिले, कारण घरात बसवत नव्हतं. मागच्या बाकावर बसायचे आणि काही म्हणायचे नाही. इतरांचं म्हणणं कानावर पडायचं. मी गप्प होते तेव्हा माझ्या वाटचंही तेच म्हणत होते, असं आता वाटतं.

तेव्हा ढोंग वगैरे डोक्यातून काढा. शेवटचे बाक त्याचसाठी असतात.

चकलीचा_सोऱ्या

शेवटच्या बाकाचा आणखी एक फायदा: दानाची पिशवी पोचेपर्यंत सुटे शोधायला वेळ मिळतो.

तर्कट

भिंगारवाला, सहानुभूती आहेच. पण प्रश्न विचारलाच आहेस तर सरळ उत्तर देतो. माणसांनी दिला धीर. केसांचा गुंता देवाने सोडवला नाही, एका बाईने सोडवला. श्रेय तिला द्या ना! मेहनत माणसाची आणि नाव वरच्याचं, हा प्रकार मला कुठल्याच धर्मात पटत नाही. आमच्या सोसायटीत एका काकांचं डायलिसिस चालू होतं तेव्हा गणपती मंडळाच्या पोरांनी वर्षभर त्यांना रिक्षाने नेलं-आणलं. ती पोरं विसर्जनात काय करतात ते विचारू नका, पण तिथेही देव नव्हता.

आईंच्या गाण्याबद्दल: शरीराची उजवी बाजू जाते तेव्हा मेंदूची डावी, भाषेची बाजू दुखावलेली असते, गाण्याला मेंदूची उजवी बाजू मदत करते. त्यामुळे बोलता न येणारे काही रुग्ण गाऊ शकतात. चमत्कार नाही.

आणि एक खोचक प्रश्न. आई ख्रिस्ती नसत्या तर त्या बायका आल्या असत्या का?

भिंगारवाला

@तर्कट, चमत्कार मीही म्हटलं नाही. न्यूरॉलॉजिस्टनेही हेच सांगितलं होतं. फक्त गाणारं कुणीतरी तिथे यावं लागलं.

खोचक प्रश्नाचं उत्तर: आमच्या वॉचमनची बायको बाळंत झाली तेव्हा आईकडून निघताना त्या तिच्याकडे डोकावू लागल्या. ते कुटुंब परभणीकडचं, हिंदू. तिला डिंकाचे लाडू मिळाले, आम्हाला नाही.

कॅम्पातली_मावशी

सलाम भाऊ. मीही नगरचीच, आता सत्तरी उलटली. तुमचे आजोबा मास्तर होते म्हणता, म्हणजे कदाचित आमचेही शिक्षक असतील, पण ते असो.

आम्ही मंडळातर्फे आजाऱ्यांना भेटतो ते काही देवाला हजेरी लावायला नाही. खरं सांगू? पहिल्यांदा गेले तेव्हा सासूबाईंनी पाठवलं म्हणून गेले. कंटाळाच आला होता. खोलीत वास होता, म्हातारी खेकसत होती. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिने माझं नाव विचारलं. मग जात राहिले. प्रीती आधी आणि जाणं मागून, असं माझ्या बाबतीत तरी झालं नाही.

तर्कटभाऊंना काय उत्तर द्यायचं? मी शिकलेली नाही तेवढी. मला एवढंच दिसतं, की माझ्या स्वभावात हे नव्हतं. कुठून आलं ते मी देवाच्या नावावर मांडते. तुम्ही माझ्या नावावर मांडलंत तर मला संकोच होईल, कारण मी स्वतःला ओळखते.

तर्कट

मावशी, तुमच्याशी वाद घालणं अवघड आहे. नमस्कार.

सह्याद्रीचा_कडा

हे सगळं गोड गोड चाललंय, पण सेवा करायची आणि मग हळूच धर्म बदलायचा, हाच इतिहास आहे ना? पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचं काय झालं होतं ते जरा सांगा.

गोदाकाठ

सांगतो की. शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींसाठीची निवासी शाळा, १८८९ साली मुंबईत सुरू झालं, पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. धर्मशिक्षण देणार नाही अशी हमी होती. रमाबाई स्वतः १८८३ पासून ख्रिस्ती. त्या पहाटे दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या, काही विधवा मुली येऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला. सल्लागार मंडळातल्या थोरांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेप घेणाऱ्यांची बाजू पूर्ण खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण काढून नेलेल्या मुलींना तिथे काय मिळालं होतं आणि कुठे परत नेलं, हेही बघावं लागेल. बालविधवा म्हणजे काय हे तेव्हाच्या पुण्यात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

नंतर १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या आणि केडगावला 'मुक्ती' हे त्यांचं आश्रयस्थान उभं राहिलं. आंधळ्यांसाठी सोय, छापखाना, विणकाम, शेती, सगळं बायकांच्या हाती. शेवटची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. या बाईने आईवडील आणि बहीण दुष्काळी भ्रमंतीत गमावले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गमावला. तिला आशा कुठे सापडली हे तिलाच ठरवू द्या ना. आपण कोण?

सह्याद्रीचा_कडा

दुष्काळात उपाशी माणसाला निवड कितीशी असते, हा मुद्दा शिल्लक राहतोच.

गोदाकाठ

राहतो. आणि तो मी अंगावर घेऊनच जन्मलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

माझे खापरपणजोबा जालन्याकडच्या एका गावातले. जात लिहायची गरज नाही, गावाबाहेरचे म्हटलं की कळतं. ते भाकरीसाठी ख्रिस्ती झाले असा टोमणा आमच्या घराने तीन पिढ्या ऐकला. माझे वडील म्हणायचे, झाले असतील, बाकीच्या गावाने भाकर दिली असती तर कशाला गेले असते? पण भाकरी दुष्काळ संपल्यावरही मिळते, तेव्हा ते परत का गेले नाहीत? घरात सांगतात ते असं, की उपासनेला सतरंजी एकच होती. पाळक, मास्तर आणि खापरपणजोबा एकाच सतरंजीवर. देवाची प्रीती वगैरे शब्द त्यांना नंतर कळले असतील. सतरंजी त्याच दिवशी कळली.

आता दुसरी बाजू, म्हणजे सगळ्यांनाच टोचेल. ती सतरंजी पुढे फाटली. माझ्या लहानपणी आमच्याच चर्चमध्ये पूर्वाश्रमीच्या दोन जातींमध्ये सोयरीक होत नव्हती, पंच निवडायच्या वेळी गट पडायचे. बाहेर आम्ही 'तसलेच', आणि कागदावर मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. शिखांना १९५६ साली मिळाल्या, बौद्धांना १९९० साली, आम्हाला नाही. म्हणजे जात चिकटून राहिली आणि सवलत सुटली. 'चर्च म्हणजे प्रेमळ परिवार' असं कुणी फार गोड बोलायला लागलं की मला हे आठवतं.

तरी मी जातो. दर रविवारी. कारण तिथे निदान त्या सतरंजीची आठवण काढून भांडता येतं. "असं लिहिलंय, आणि तुम्ही असं वागता" हे पाळकांना तोंडावर सांगता येतं. मी सांगितलंय.

पाणपोई_वसई

गोदाकाठ, दंडवत. आमच्याकडेही हे सगळं नाही असं नाही, फक्त नावं वेगळी आहेत.

अनुत्तरित

मी वेगळा सूर लावणार आहे, माफ करा.

माझ्या भावाला कॅन्सर होता. आम्ही ज्या मंडळीत जायचो (नाव सांगत नाही, मुख्य प्रवाहातली नव्हती, हॉलमध्ये भरायची) तिथे दर आठवड्याला साक्षी व्हायच्या, म्हणजे प्रार्थनेने बरं झाल्याचं लोक उभं राहून सांगायचे. अमक्याची गाठ विरघळली, तमकीची शुगर गेली. भावाची गाठ वाढत होती. आधी म्हणाले, विश्वास ठेवा. मग म्हणाले, घरात काही पाप कबूल करायचं राहिलंय का बघा. त्याने केमोच्या दोन तारखा चुकवल्या. शेवटी शेवटी तो रात्री मला विचारायचा, "माझा विश्वास कमी पडला का रे?"

त्या माणसांनीही आम्हाला डबे दिले होते. प्रेमळ होती. म्हणून भिंगारवाला, 'माणसं चांगली आहेत' एवढ्यावर जाऊ नकोस. ती काय शिकवतात तेही बघ.

कॅम्पातली_मावशी

बाळा, तुझ्या भावाचा विश्वास कमी नव्हता. हे मी म्हातारी तुला सांगते.

पाणपोई_वसई

अनुत्तरित, हे वाचून सुन्न झाले. आजारी माणसाकडून विश्वासाचा हिशेब मागणं हे पाप आहे, मी सरळ म्हणते. औषध बंद करायला सांगणारा कुणीही असो, पाळक, फादर, बाबा, बुवा, तिथून पळावं.

आपल्याकडे मिरजेला वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरने १८९४ मध्ये दवाखाना काढला, सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्याच्याच नावाची. तो प्रार्थना करायचा आणि चाकूही चालवायचा. दोन्ही एकाच हाताने चालतं.

आणखी एक. शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन बसून बघा कधी. येशू क्रुसावर काय म्हणतो? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राचे शब्द आहेत. म्हणजे त्याच्याही वेळी गाठ विरघळली नव्हती. मी रोझरी कपाटात टाकली त्या वर्षी मला एवढं एकच वाक्य म्हणता यायचं. सगळं बरं होईल असं ते सांगत नाही. असं ओरडायची मुभा आहे, आणि ओरडणारे तुम्ही पहिले नाही, एवढंच सांगतं. माझी आशा तेवढीच आहे, पण ती मला पुरली.

अनुत्तरित

हे आम्हाला तिथे कुणी सांगितलं नाही. धन्यवाद ताई.

बुधवारची_लोकल

मी हिंदू, दादरची. माहीमच्या चर्चला बुधवारी नोव्हेनाला (दर बुधवारच्या खास प्रार्थनेला) आईबरोबर जायचे, आता एकटी जाते. तिथे निम्मी गर्दी माझ्यासारखीच असते. टिकली, बुरखा, सगळं एका रांगेत. मेणबत्तीवाल्यांकडे मेणाची घरं, मेणाचे हात-पाय, मेणाची बाळं मिळतात, ज्याची जी मागणी तशी वस्तू. मला आवडतो तो पत्रं वाचण्याचा भाग. लोकांनी लिहिलेली पत्रं मोठ्याने वाचतात, नाव न सांगता. कुणाला व्हिसा, कुणाला मूल, कुणाचा नवरा दारू सोडेना. आपलं दुखणं त्या ढिगात ठेवलं की हलकं होतं. कुणी मला कधी धर्म विचारला नाही. श्रद्धा आहे का माझी? बुधवारपुरती आहे.

चकलीचा_सोऱ्या

बुधवारपुरती श्रद्धा, रविवारपुरती नॉनव्हेज. आमचं उलटं वेळापत्रक.

अवांतर: नगरकर मंडळी, नाताळला तुमच्याकडे केकपेक्षा करंज्या जास्त असतात हे खरं का? ऑफिसातल्या एकाने डबा आणला होता, मला दिवाळीच वाटली.

कॅम्पातली_मावशी

खरंय. करंज्या, चकल्या, लाडू, शंकरपाळे. केक बेकरीतून येतो, पाहुण्यांसाठी. सारणात खसखस भाजून घालावी आणि मोहन कडकडीत.

वाळवंटातला_मराठी

कुवेतहून. इथे आमची मराठी उपासना शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारची. एकाच आवारात मल्याळी, तमिळ, तेलुगू, अरबी, फिलिपिनो, सगळ्यांच्या उपासना घड्याळ लावून. आमच्या आधीची मंडळी लांबली की आम्ही बाहेर उन्हात चपला तापवत उभे. आम्ही अगदी थोडे. पेटी वाजवणारा सुट्टीवर गेला की टाळ्यांवर भागवतो. भारतात मीही भिंगारवाल्यासारखाच होतो, नाताळपुरता. इथे आठवडाभर कुणी मराठीत हाक मारत नाही, म्हणून पहिल्यांदा गेलो. देवासाठी गेलोच नव्हतो. पाच-सहा महिन्यांनी एकाचा पगार मालकाने अडवला, तेव्हा सगळ्यांनी वर्गणी काढून त्याच्या घरी पैसे पाठवले, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली. काय म्हणालो आठवत नाही.

तर्कट

वाळवंट, तुझी गोष्ट माझ्याच बाजूची आहे. भाषेसाठी गेलास.

वाळवंटातला_मराठी

भाषेसाठी गेलो. भाषेसाठी राहिलो नाही.

गोदाकाठ

मूळ प्रश्नाकडे येऊ. 'श्रद्धा नसताना बसणं ढोंग का?' लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट नगरवाल्यांना तरी सांगायला नको. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला न विचारता. काही वर्षं दोघं वेगळी. पुढे एकत्र आली तरी बाई आपलं सोवळं सांभाळून होत्या. नवऱ्याच्या पांडित्याने त्यांचं मन वळलं नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला, मग कुणाच्याही हातचं पाणी प्यायल्या, आणि बाप्तिस्मा त्याच्याही नंतर. आधी एका घरात राहणं, मग पाणी, मग श्रद्धा. कुणी त्यांना ढोंगी म्हणालं नाही.

संपादक मंडळ

धर्मांतराच्या राजकारणावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा. करंज्यांच्या पाककृतीसाठीही.

भिंगारवाला

सगळं वाचलं, काही प्रतिसाद बायकोलाही वाचून दाखवले. ती म्हणाली, "तू तीनशे किलोमीटर लांबचे सल्ले घेतोस, काकू दोन गल्ल्या सोडून राहतात."

काल त्यांच्याकडे गेलो. सांगितलं, श्रद्धेचं मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मी कुठे विचारलं?" मग म्हणाल्या, मंडळीतले एक निवृत्त पोस्टमन आजारी आहेत, पुरुष माणूस आहे, दाढी-आंघोळीला आम्हा बायकांची अडचण होते, शनिवारी येता का? हो म्हणून आलो. रविवारचं अजून ठरवलं नाही. @अनुत्तरित, तुझा प्रतिसाद लक्षात ठेवलाय. गेलो तर प्रवचन कान उघडे ठेवून ऐकेन.

आता घाबरलोय. मी आयुष्यात दुसऱ्याची दाढी केलेली नाही. आईचं सगळं बाईच करायची.

तर्कट

शनिवार हे माझ्या मते पूर्ण उत्तर आहे. रविवार ऐच्छिक.

कॅम्पातली_मावशी

भाऊ, घाबरू नका. दाढीआधी गरम पाण्यात फडकं पिळून गालांवर ठेवा, नाहीतर म्हाताऱ्या कातडीला कापतं. ब्लेड नवीन घ्या. स्वतःची चप्पल बाहेर काढा आणि पलंगावर बसू नका, खुर्ची ओढून घ्या. कसं वाटतंय विचारू नका, पोस्टातलं काहीतरी विचारा. प्रार्थना करा म्हणाले आणि तुम्हाला जमत नसेल, तर तेविसावं स्तोत्र मोबाईलवर काढून वाचून दाखवा, त्यांना पाठ असेल, तेच पुढचं म्हणतील. अर्ध्या तासाच्या वर थांबू नका, माणूस दमतो. निघताना पुढचा वार सांगा, आणि सांगितलात तर त्या वारी जा.

चकलीचा_सोऱ्या

मावशी, वाचनखूण साठवली. माझे सासरे पडून आहेत, मी नेहमी पलंगावरच बसतो.